दुपारची मोजणी

पेंटबॉलच्या मैदानावर रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुका तयार करून देणं हे माझं काम. सिलिंडर लावायचा, दाब बसवायचा, यंत्रासमोर गोळी सोडून वेग मोजायचा. सेकंदाला पावणेतीनशे फूट, वर एक फूटही नाही. 'जेवणानंतर वेग पुन्हा मोजल्याशिवाय बंदूक उचलू नये' ही पाटी मीच रंगवली आहे. अक्षर माझं सुरेख आहे. बाकी बोलायला नको.

माझी बायको आणि वहिनी दोन वर्षं एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. कशावरून बिनसलं, ते आता दोघींनाही नीट सांगता येत नाही. म्हणून मीच सगळ्यांना सुट्टीच्या दिवशी मैदानावर बोलावलं. म्हटलं, एकमेकींना रंगवतील, हसतील आणि मोकळ्या होतील. मोठा शहाणा मी.

हवेच्या टाक्या तपासणीला गेल्या होत्या, त्यामुळे एक कमी पडली. बायकोचं मनगट दुखतं, म्हणून तिच्या बंदुकीला मी गॅसचा हलका सिलिंडर लावला. हवेच्या टाकीला दाब धरून ठेवणारी झडप असते. गॅसचं तसं नाही, ऊन लागलं की दाब चढतो आणि गोळी जोरात सुटते. नवशिक्यांना हे मी रोज घसा फोडून सांगतो. सकाळी आकडा बरोबर होता. जेवताना बंदूक बाकावर तापत पडली आणि मी दादाशी गप्पा छाटत बसलो. उठून मोजायचा कंटाळा केला.

बायकोची गोळी वहिनीच्या मानेवर बसली, मुखवट्याच्या जरा खाली. हा एवढा काळानिळा वळ. तिला घोट गिळवेना.

"काढलंस एकदाचं मनातलं," एवढंच ती म्हणाली.

सगळे गेल्यावर मी ती बंदूक यंत्रासमोर धरली. सव्वातीनशे. मी मुकाट्याने पाना घेतला, स्क्रू फिरवला आणि आकडा पावणेतीनशेवर आणून ठेवला. कोणी तपासायला येईल म्हणून. कोणी आलं नाही. घरच्या माणसांनी माझ्यावर विश्वास टाकला होता, याचीच जास्त लाज वाटली.

त्यानंतर बायको रोज वहिनीला फोन करायची. ती उचलायची नाही.

"मी फार जवळून मारलं का रे?" बायको विचारायची.

"होतं असं खेळात," मी म्हणायचो. जीभ कशी झडली नाही माझी!

आठव्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. वहिनी सोफ्यावर होती, गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. बायको दारातच म्हणाली, "वहिनी, माझं चुकलं."

"मुद्दाम नाही मारलं, एवढं तरी म्हण."

बायको खाली बघत राहिली. "मला आता माझंच कळेनासं झालंय. असेलही मनात."

मग मी सगळं सांगितलं. गॅस, ऊन, न केलेली मोजणी, सव्वातीनशे. पान्याचंसुद्धा.

"म्हणजे हिचा काही दोष नव्हता, भाऊजी?"

"नव्हता."

बायको माझ्याकडे वळली. "आठ दिवस तुला माहीत होतं?"

मी मान हलवली. मला वाटलं, ती ओरडेल. तिने पाठ फिरवली. वहिनीने मांडीवरची उशी उचलून बाजूला ठेवली आणि सरकून तिला जागा केली. बायको तिच्याशेजारी जाऊन बसली. वहिनीने तिचा दुखरा हात हातात घेतला.

मला कोणी बस म्हणालं नाही.