मधल्या भिंतीची ओल

मी टापटिपीची बाई आहे, हे मीच सांगते, कारण घरात दुसरं कुणी सांगत नाही. आमचं आणि थोरल्या जाऊबाईंचं घर एकाच छपराखाली, मधे एक भिंत. माझे दीर गेल्यापासून पलीकडे त्या एकट्या राहायच्या. सोबतीला शिवणयंत्र आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. अलीकडे मी, नवरा आणि आमची लेक. समुद्र गल्लीच्या टोकाला. पूर्वी तो टोकालाच थांबायचा. गेली दहा-बारा वर्षं मोठ्या उधाणाला तो घरात येतो आणि जाताना भिंतींत मीठ ठेवून जातो.

पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हाच मी हातपाय हलवले. भिंती खरवडल्या, कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा जाड गिलावा करून घेतला, खालची जमीनही सिमेंटची केली. जाऊबाईंनी मात्र जुना चुन्याचा गिलावाच ठेवला. माझ्या भिंती ठणठणीत कोरड्या, त्यांच्या वर्षभर ओल्या. हात लावला की पोपडे पडायचे. मग माझ्या जिभेला कुठलं हाड!

"ताई, तुमचा आळस बघून भिंतीला घाम फुटतो."

"फुटू दे. तुला पुसायला बोलावलंय का मी?"

आणि संध्याकाळी त्याच ताई माझ्या लेकीसाठी उरलेल्या कापडाचा फ्रॉक शिवून आणायच्या. समोरच्याला धड भांडूही देत नसत.

यंदा नगरपालिकेने नोटीस लावली. गल्लीतली घरं जॅकवर चार फूट उचलायची, जी उचलण्याजोगी नसतील ती रिकामी करायची. जॅकवाले मिस्त्री आमच्याकडे तपासणीला आले तेव्हा जाऊबाई गणवेश पोचवायला शाळेत गेल्या होत्या. मिस्त्रीने आमच्या बाहेरच्या भिंतीत खाली खिळा ठोकला, तो वाकला. पलीकडे जाऊन तसाच खिळा त्यांच्या भिंतीला लावला, तर नुसत्या अंगठ्याने आत गेला.

"वहिनी, हे सिमेंट कधी केलंत?"

"दहा वर्षं झाली," मी तोऱ्यात म्हणाले.

"ओल अशी मरत नसते. इकडून कोंडली की तिकडून बाहेर पडते. तुमच्या जमिनीखालची सगळी ओल मधल्या भिंतीतून त्यांच्याकडे गेलीय. विटा खाऊन टाकल्यात मिठाने."

"मग आता?"

"सिमेंट फोडा, भिंत वाळू द्या, त्यांच्या खालच्या विटा बदलून घ्या. पुढच्या वर्षी आमची फेरी परत आहे, दोन्ही घरं एकदम उचलू. नाहीतर यंदा तुमचं एकट्याचं उचलतो. पण छप्पर आणि मधली भिंत चिरून वेगळी केली की त्यांचं घर काही टिकायचं नाही."

पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी एक मोसम पाण्यात. गेल्या उधाणानंतर लेकीची छाती भरली होती, तीन आठवडे मी तिला बसून झोपवलं होतं. ते खरं आहे. पण मी दहा वर्षं नाकाने कांदे सोलले होते आणि आता त्यांच्यासमोर मान खाली घालायची वेळ आली होती, हेही तितकंच खरं आहे.

"यंदाच उचला," मी म्हणाले. "आणि सिमेंटचं ताईंना काही बोलू नका."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं आणि खिळे गोळा केले. नवऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "त्यांच्या विटा कुजल्यात म्हणे." यात एक अक्षर खोटं नव्हतं. नवऱ्याने तेच जाऊबाईंना सांगितलं आणि त्यांनी भिंत चिरायच्या संमतीच्या कागदावर निमूट सही केली.

घर उचलायची रीत अशी. भिंतींखाली चाळीस जॅक, प्रत्येक जॅकपाशी एक माणूस. मिस्त्रीने शिट्टी मारली की सगळ्यांनी एकदम पाव फेरा द्यायचा. एकाचाही हात मागेपुढे झाला तर भिंतीला तडा. त्या सकाळी एक कामगार तापाने आडवा झाला होता. मिस्त्री डोकं खाजवत उभे, तोवर जाऊबाई बाह्या सरसावून आल्या.

"मी बसते. जन्मभर यंत्र चालवलंय, माझा ताल चुकायचा नाही."

जागा नेमकी चिरलेल्या भिंतीपाशी होती. शिट्टी वाजत राहिली, त्या पाव-पाव फेरा देत राहिल्या. दुपारपर्यंत आमचा उंबरठा त्यांच्या कंबरेला लागला. घाम पुसत त्या म्हणाल्या, "घ्या! धाकटी होती ती थोरली झाली." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नवव्या दिवशी त्यांची भिंत बसली. त्या अंगणात होत्या म्हणून वाचल्या. आमच्याकडे वर राहायला या म्हणून नवऱ्याने खूप विनवलं, पण त्यांनी दूरच्या शहरातल्या मुलाला फोन केला. त्याने टेम्पो पाठवला. मागे यंत्र बांधलं, पुढे ड्रायव्हरशेजारी त्या बसल्या आणि खिडकीतून माझा हात धरला.

"तू इतकी वर्षं सांगत होतीस गं, भिंतीकडे बघा, भिंतीकडे बघा. मी हसण्यावारी नेलं. ह्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं घर माझ्या आळसाने गेलं. वर गेल्यावर ह्यांना काय तोंड दाखवू?"

दीर गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मूग गिळून उभी राहिले असते तरी कुणाला कधी कळलं नसतं. पण हे ओझं त्यांच्यासोबत टेम्पोत चढवायला माझं मन धजेना.

"ताई, ते तुमच्या आळसाने नाही गेलं. माझ्या सिमेंटने गेलं." आणि मग मी सगळंच सांगितलं, ओल कुठून कुठे गेली ते, आणि एक वर्ष थांबलो असतो तर दोन्ही घरं उचलता आली असती तेही.

त्यांचं रडणं थांबलं.

"तुला कधी कळलं?"

"मिस्त्री तपासायला आले त्या दिवशी."

"म्हणजे मी जॅक फिरवत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

त्यांनी हात हिसडला नाही. हळूच माझ्या हातातून सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"चला," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.