उभं राहिलेलं पाणी

खाडी भरून आली की ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ जागच्या जागी उभं राहतं. तेवढ्या वेळात मासा गळाला तोंड लावत नाही. ही रिकामी वेळ केसरीनाथने लेकीला देऊन टाकली होती. मेघाली लग्न होऊन अंबाडीला गेली तेव्हापासूनची ही रीत. काल्हेरच्या खाडीकाठी, खारशेतांत पाणी घेणाऱ्या उघाडीच्या दाराशी तो बसायचा आणि पाणी थांबलं की फोन लावायचा.

"बाय, पानी उभं ऱ्हायलंय. बोल."

भरती रोज थोडी उशिरा, म्हणून फोनही रोज थोडा उशिरा.

"तुझ्या बाबांचं घड्याळ दररोज मागं पडतं गं," नवरा भूपेश चिडवायचा. मेघाली हसायची, पण हात ओट्यावरच्या फोनपाशीच. आई तांदूळ निवडताना गुणगुणायची ते ओठांवर यायचं:

*भरती गं आली बाई, तिवरांच्या पायी पायी*
*बाप माझा खाडीवरी, हाक त्याची इथं येई*

गोडाऊनमधल्या तिच्या शिफ्टमध्ये दोन पावसाळे निघून गेले, माहेरी जाणं झालं नाही. या ऑक्टोबरात मात्र एका सुट्टीला ती न सांगताच निघाली. पाणी थांबेल तेव्हा एकदा बाबाच्या शेजारी बसायचं होतं. एवढंच.

उघाडीवर कोणी नव्हतं. खाडीच्या तोंडाकडून जोराचा वारा येत होता. बाबाच्या बसायच्या दगडावरचा चिखल वाळून तडकला होता. दगडामागच्या कपारीत तो गळाची दोरी लपवायचा. तिनं हात घातला. दोरी होती, पण आकडा गंजून लाल झालेला.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाय, पानी उभं ऱ्हायलंय. बोल."

समोर पाणी चढत होतं. तिवरांची गळलेली पानं त्याच्यावर बसून अजून आत, वरच्या अंगाला चालली होती.

"कुठं बसलायस बाबा?"

"कुठं म्हंजे? माज्या दगडावर. काय ऊन गो! वारा म्हनून न्हाय."

वाऱ्यानं तिची ओढणी तोंडावर आणून टाकली. म्हणजे बाबा नुसत्या तिथीवरून वेळ काढत होता. खाडीच्या तोंडाकडून वारा असला की भरती रेंगाळते हे त्यानंच तिला शिकवलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर दोघांचं सुखात चाललं असतं.

"बाबा, पानी अजून चढतंय."

पलीकडे कुकरची शिटी झाली.

"कोन सांगतो?"

"मी. तुझ्या दगडावर बसलेय."

त्यानं घसा खाकरला. मग म्हणाला, "गुडघा गेला गो. पावसाच्या आधी चिखलात पडलो. तुजा भाऊ टेमघरला त्याच्या खोलीवर घेऊन आला. त्यालाबी सांगू दिलं न्हाय. तुला सांगितलं असतं, तर फोन कशाच्या निमतानं लावू?"

"आणि म्हणून म्हातारपणी खोटं बोलायचं?"

"तुज्याकडनंच शिकलो. खाडीत डुंबून यायचीस नि म्हनायचीस, आंब्याखाली होते."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"सांग ना," बाबाचा आवाज खाली आला. "पानी कसं हाय?"

"चहासारखं."

"हात घाल."

"वर कोमट. खाली गार."

"मंग जिताडा खाली गेलाय, मुळांच्या सावलीला. ओहोटी लागली की उघाडीतनं कोलंबी भायेर पडंल, तिच्यामागं येल तो. त्याच्या आधी गळ टाकशील तर उपाशी मरशील."

"आकडा गंजलाय."

"दगडाला घास. उघाडीमागच्या डबक्यातली कोलंबी लाव, शेपटीत. जिती ऱ्हायला पायजे. आनी त्यानं धरली की लगेच हिसका नको देऊ. घेऊ दे त्याला दोरी."

तिनं आकडा घासला, कोळंबी लावली. बाबा ऐकत होता, मध्येच खोकत होता.

"बाय, फोन पान्याजवल धर."

ती उघाडीच्या शेवटच्या पायरीवर उतरली आणि वाकून हात खाली नेला. पाणी दगडाला लागत होतं, चुळुक, चुळुक. पानं आत जात राहिली. मग हळू झाली. चुळुक लांबत गेलं. एक पिवळं पान तिच्यासमोर आलं आणि स्वतःभोवती फिरू लागलं.

ती सांगणार, तोच फोनमधून आवाज आला.

"ऱ्हायलं. बोल आता."