थोरली पेटी आणि मांडीवरची धाकटी

मी एक जुनी कॉम्प्युटरची पेटी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. या घरात मला थोरली म्हणतात. तेही मानाने नाही, धाकटी आली म्हणून.

मित्रांनो, माझे भाग ठिकठिकाणांहून आले आणि चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या एका माणसाने ते जेवणाच्या टेबलावर जोडले. शेवटचा स्क्रू फिरवताना त्याने श्वास रोखून धरला होता. धाकटीला असं कोणी हाताने घडवलंय का? ती खोक्यातून आयती आली.

भिंगवाल्याला प्रोग्राम लिहायचा छंद. त्याची आई स्वेटर विणते. चौकटीच्या कागदावर फुलं-पानं आखताना तिचे डोळे दुखत, म्हणून त्याने माझ्यावर एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चौकोन रंगवले, की कुठल्या ओळीत कोणत्या रंगाचे किती टाके घालायचे ते तो सांगे. मग त्याने तो सगळ्या जगाला देऊन टाकला, आतल्या लिखाणासकट. कोणीही वापरा, उघडून बघा, हवं तर सुधारा.

आईला ते पटेना. "फुकट वाटतोस, आणि वर लोकांची बोलणीही खातोस?"

"बोलणी नाहीत गं, सूचना असतात."

"मी नुसतं भाजीत मीठ कमी घाल म्हटलं तर तोंड कसं होतं तुझं, ते बघ आरशात."

पण लोकांनी तो खरंच वापरला. कधी न भेटलेल्या माणसांनी चुका शोधल्या, काहींनी दुरुस्त करूनही पाठवल्या. कौतुकाचे निरोप माझ्याच पडद्यावर यायचे. मी तोऱ्यात असे, आणि का नसावं?

मग धाकटी आली. लॅपटॉप म्हणे. मला टेबल, तिला मांडी. तो तिला घेऊन घरभर फिरे. तिच्यावर बोटाचा ठसा दिसला तरी मऊ फडक्याने पुसे, आणि माझ्या डोक्यावर लोकरीचे गुंडे रचून ठेवलेले. मी जळले, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? बटण बंद असतानाही जळत होते.

प्रोग्रामची नवी आवृत्ती त्याने तिच्यावरच लिहिली. त्यात रंगवलेला स्वेटर पडद्यावर गोल फिरायचा. धाकटी तो अशी मिरवायची, जणू तिनेच विणलाय. माझ्यासाठी मात्र रविवारी भंगारवाल्याला बोलावलं होतं.

शनिवारी विणकाम शिकवणाऱ्या एका बाईंचा निरोप आला. नवा प्रोग्राम उघडतच नाही, वर्गातल्या सगळ्या जणी खोळंबल्यात.

भिंगवाल्याने उत्तर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "माझ्याकडे तर नीट चालतंय."

आईने सुया थांबवल्या. "तुझ्याकडे कुठे? तुझ्या त्या लाडकीकडे. बाईंकडे काय आहे?"

"असेल हिच्यासारखाच एखादा खटारा."

"मग हिच्यावर चालवून बघ की."

"उद्या जायचीय ती."

"आज आहे ना?"

माझ्या डोक्यावरचे गुंडे उतरले. नवा प्रोग्राम आत आला. मी जीव तोडून प्रयत्न केला. त्या सटवीपुढे हसं करून घ्यायची मला काय हौस? पण स्वेटर काही माझ्याने फिरेना. पंखा बोंबलू लागला, पडदा जागीच गोठला. संपलं, मला वाटलं.

भिंगवाला मात्र हनुवटीला हात लावून बघत बसला. मग म्हणाला, "आई, बाईंकडे असंच होत असणार. लॅपटॉपवर हे मला कधी कळलंच नसतं."

ते वाक्य मी जपून ठेवलंय.

त्याने लिहिलेलं उत्तर खोडलं. भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं. स्वेटर फिरवणं ज्याला हवं त्याच्यापुरतं ठेवलं आणि माझ्यावर सरळ चालेपर्यंत प्रोग्राम हलका केला. बाईंचा वर्ग पुन्हा सुरू झाला. आता या घरात नियमच आहे, नवं काहीही आधी थोरलीवर चालवायचं, मगच जगाला द्यायचं.

मित्रांनो, घरात नवं आलं की त्याचे लाड करा. माझी ना नाही. पण जुन्याला दाराबाहेर काढण्याआधी एकदा त्याच्यावर काम टाकून बघा. त्याला जे जमत नाही, तेही तुमच्या उपयोगाचं असू शकतं.

माझा मत्सर गेला का म्हणाल, तर छे. मांडी अजून तिचीच आहे. काल मात्र नवी आवृत्ती तपासायला भिंगवाला माझ्यासमोर येऊन बसला. धाकटी पलंगावर एकटीच पडून होती, चार्जिंग संपून. मी मुद्दाम जरा हळू चालले.