जीभ वळेना असं नाव

गिरजाला तिसरं मूल झालं ते त्रेपन्न सालच्या कार्तिकात, धान कापणीला आलं तेव्हा. मुलगी होती. आधीची दोन, एक मुलगा आणि एक मुलगी, वर्षाच्या आत तापानं गेली होती. म्हणून सुईणीनं बाळ पुसून हातात दिलं तेव्हा गिरजाची सासू गुणाबाई हसली नाही. तिनं पोरीला उजेडात धरून नीट पाहिलं आणि म्हणाली, "बाराव्या दिशी उकंड्यावर ठेवू. उकंडी नाव."

ज्या घरात मुलं टिकत नाहीत तिथे गावात हीच रीत होती. मूल घडीभर उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलून आणायचं आणि नावही तसंच टाकाऊ द्यायचं, म्हणजे मरण त्याच्याकडे वळून पाहत नाही. गुणाबाईला याचा पडताळा आला होता. तिची सहा मुलं गेली. सातव्याला तिनं वारुळापाशी ठेवलं, वारलू म्हटलं, आणि तो जगला. तोच गिरजाचा नवरा.

 पाचव्या दिवशी सासू पाण्याला गेलेली पाहून गिरजा वारलूला म्हणाली, "मी पोरीले उकंड्यावर ठेवू देणार नाई."

"माय आयकन का?"

"तूच सांग तिले. अन् नाव चांगलं आण. घरातलं नको. घरातली सारी नावं मरून गेली."

वारलू ढिवर होता. गावच्या मोठ्या तलावात जाळं टाकायचा, आणि पाणी भरलेलं असलं की लोकांना डोंग्यातून पलीकडे सोडायचा, कारण पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, फिरून जायला अर्धा दिवस मोडायचा. नाव कुठून आणायचं हे त्याला कळेना. दोन दिवस तो त्याच विचारात होता.

तिसऱ्या दिवशी सिंदेवाहीच्या शाळेतल्या इंदिराबाई त्याच्या डोंग्यात बसल्या. पलीकडच्या गावात त्या मुलींना शाळेत घाला म्हणून सांगायला निघाल्या होत्या. तलावाच्या मधोमध निळी फुलं उमलली होती. बाई वाकून पाहत राहिल्या.

"भाऊ, याला तुम्ही काय म्हणता?"

"निळं कमळ म्हणतो, बाई. खालचा कांदा खातो आमी. लेकराइले उकडून देतो."

"जुन्या संस्कृतात याला नीलोत्पल म्हणत. किती सुंदर शब्द आहे."

वारलूनं बांबू पाण्यात टेकवला आणि डोंगा थांबवला. "हे पोरीचं नाव होऊ शकते का, बाई?"

"का नाही होणार? नीलोत्पला. मी मात्र अजून कुणा मुलीचं ऐकलेलं नाही."

मग त्यानं घरची सगळी हकीकत सांगितली, मेलेल्या मुलांची आणि उकिरड्याचीही. बाईंनी ती मधे न बोलता ऐकली. उतरताना त्यांनी नाव दोनदा म्हणून दाखवलं. वारलूनं मान हलवली. त्यानंतर आणखी चार खेपा झाल्या, कुणाचा बैल हरवला, कुणाचं धान आडवं झालं हे ऐकत तो घरी पोचला, आणि गिरजासमोर बसला तेव्हा नाव फुटून गेलं होतं.

"निलो... निलोटा. असंच काही होतं."

"लोटा?" गुणाबाई चुलीपाशी होती. "पोरीचं नाव लोटा?"

वारलू ओशाळला. पण फुलाची गोष्ट त्यानं सांगितली. गिरजा उठून बसली.

"आपल्या तलावातलं फूल? त्याले असं नाव हाये?"

"हाये म्हणते बाई."

"मी लहानपणापासून त्याचे कांदे खणून राह्यली. कोणी सांगलंच नाई." तिनं पोरीला जवळ घेतलं. मग म्हणाली, "मले तेच नाव पाहिजे. पण मोडकं नको. जाय, नीट इचारून ये."

गुणाबाई या वेळी रागावली. "दोन गेले तरी तुमचे डोळे उघडत नाई. चांगल्या नावाची हौस मलेबी होती. राम ठेवलं, सीता ठेवलं, गंगा ठेवलं. माह्या हातानं माती टाकली त्याइच्यावर." ती चुलीपासून उठून बाहेर जाऊन बसली. तिच्यामागे कुणी गेलं नाही. तिचं खोटं आहे असं म्हणायची हिंमत दोघांतही नव्हती.

बारसं तीन दिवसांवर आलं होतं. वारलूनं डोंगा चुलतभाऊ लच्छूच्या हाती दिला आणि पहाटेच सिंदेवाहीची वाट धरली. साडेतीन कोस चालून तो पोचला तेव्हा शाळा भरली होती. इंदिराबाईंनी मुलींना पाढे म्हणायला लावलं आणि त्या पडवीत आल्या. तो इतका लांब एका नावासाठी आला हे कळल्यावर त्या पायरीवर त्याच्या शेजारीच बसल्या.

"घाई करू नका. तीन तुकडे करू. नी. लोत्. पला."

"नी. लोट. पला."

"लोट नाही. जीभ दातांना लावा. लोत्."

आत मुली सातचा पाढा म्हणत होत्या आणि बाहेर हा पंचविशीचा माणूस जीभ दातांना लावत होता. खूप वेळानं ते जमलं. बाईंनी त्याला दहा वेळा म्हणायला लावलं, पाणी दिलं आणि मगच सोडलं. परतीच्या वाटेवर तो कुणाशी बोलला नाही. धानाच्या बांध्यांतून बायांनी हाका मारल्या, तर त्यानं नुसता हात वर केला. पावलापावलाला एक तुकडा म्हणत तो गावात शिरला आणि दारातूनच म्हणाला, "नीलोत्पला."

गिरजानं ते लगेच उचललं. तिसऱ्या खेपेला तिच्या तोंडून साफ निघालं. पोरीला मांडीवर घेऊन ती हळूहळू म्हणत राहिली, तेव्हा गुणाबाई भिंतीशी बसून ऐकत होती.

"काय म्हणून राह्यली तू?"

"नीलोत्पला, आत्याबाई."

"निलोप... निलपोटा..." गुणाबाई थांबली. तिनं पुन्हा सुरुवात केली. "निलोतप..." जीभ वळेना. वारलूनं तुकडे करून सांगितले. तुकडे म्हणता आले, पण जोडायला गेली की सगळं विस्कटायचं. वारलूला हसू आलं, पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं ते दाबलं. ती कुठेतरी दूर पाहत होती.

"मी सगळ्याइची नावं सोपी ठेवली," ती म्हणाली. "कोणीबी हाक मारावी अशी. मारली हाक, अन् गेले."

गिरजा पोरीला थोपटत राहिली.

"मले इतक्यांदा सांगूनबी हे नाव घेता येत नाई," ती पुढे म्हणाली. "मंग न्यायले येते त्या मेल्याले तरी कसं घेता येईन? दारात येऊन अडकन तो." तिनं पोरीकडे पाहिलं. "ठेवा हेच. उकंड्याचं राहू द्या."

गिरजानं पोरीला तिच्या मांडीवर दिलं. गुणाबाईनं पहिल्यांदाच पोरीच्या कपाळावर हात फिरवला.

बारशाला गावच्या बाया जमल्या. प्रत्येकीनं पाळण्याशी वाकून नाव घेऊन पाहिलं. कुणी निलोपाटी म्हटलं, कुणी लोपाबाई, आणि शेवटी सगळ्या हसायला लागल्या. शेजारच्या आशाबाईनं निलू म्हणायचं ठरवलं आणि गावात तेच चाललं.

निलू जगली. दीड वर्षाची असताना तिला ताप आला. गुणाबाई तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती. चौथ्या दिवशी पोरीनं पेज मागितली. घरच्यांनी या दुखण्याचा फारसा उच्चार केला नाही, पण त्यानंतर गिरजा मोकळेपणानं श्वास घ्यायला लागली. निलू धावायला लागली, तलावाच्या काठाशी जाऊ नको म्हटलं की नेमकी तिकडेच जायला लागली.

छप्पन साली गिरजाला पुन्हा दिवस गेले. सातवा महिना लागला तेव्हा गुणाबाई जाळं विणत बसलेल्या वारलूजवळ आली.

"ते शाळेतल्या बाई हायेत ना सिंदेवाहीले अजून?"

"हायेत. काऊन?"

"आतापासूनच जाऊन नाव इचारून ठेव. मागच्या वेळी बारसं तुह्या अंगावर आलं होतं." जाताजाता ती म्हणाली, "निलूच्या नावाहून कठीण असन, तं तेच आण."