मागातून गेलेली मेंढरं

मायाप्पाला सिनेमाचं वेड होतं असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. वेडी माणसं थेटरात जाऊन बसतात. हा गडी स्वतःच सिनेमा काढायला निघाला होता! आठवडाभर अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चादरींचे माग चालवायचे आणि सुट्टी आली की चनबसप्पाचा फोटो स्टुडिओ गाठायचा. चनबसप्पाकडे किल्ली देऊन चालवायचा, हातात मावेल एवढा सिनेमाचा कॅमेरा होता. तो कॅमेरा तो सख्ख्या भावालाही देत नसे, पण मायाप्पाला देई. का, ते सिद्धेश्वराला ठाऊक.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात गावातल्या हौशी मंडळींनी छोट्या चित्रपटांची स्पर्धा लावली. विषय कुठलाही, लांबी एका रिळाची, परीक्षक पुण्याचे. मायाप्पानं लगेच नाव दिलं. बक्षिसासाठी नव्हे हो, बापासाठी.

बाप म्हणजे आण्णा, नातेपुत्याकडच्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेला धनगर. लेक कळप सोडून मागावर गेला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "जितं जितराब न्हाय, तितं मानसानं काय करायचं?" पुढं दुष्काळ पडला आणि चाऱ्यापाण्यावाचून अख्खा कळप गेला. मग खांद्यावर घोंगडं टाकून आण्णा लेकाच्या खोलीत येऊन बसला, तो गप्पच. सुनेला 'व्हय' म्हणे, 'न्हाय' म्हणे. लेकाला तेवढंही नाही. कळप गेल्यापासून त्यानं मायाप्पाला नावानं हाक मारली नव्हती. समोरासमोर जेवायला बसले तरी बाप भिंतीकडं बघत भाकरी मोडायचा.

"एकदा शेडमधी येऊन बघा की," मायाप्पा किती वेळा म्हणाला असेल! आण्णा काठी उचलून बाहेर चालू लागायचा.

बाप शेडमध्ये येत नाही ना, मग शेडच उचलून बापापुढं न्यायची, असं मायाप्पानं ठरवलं. माग कसा चालतो, आडवा दोरा घेऊन धोटा कसा पळतो, पोरगा काय करतो, ते एकदा तरी म्हाताऱ्याच्या डोळ्यांखालून जाऊ दे. मग बोलला तर बोलला.

"सासरं देवळात सुदिक येत न्हाईत," बायको मायाक्का म्हणाली. "तुमचा माग बघाय येनार व्हय?"

"तू आनशील की."

"आनते. पर तितं घोरायला लागलं तर माझ्यावर डाफरायचं न्हाय, सांगून ठेवते."

चित्रणाच्या दिवशी स्टुडिओत कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड फोटोला आलं होतं. चनबसप्पाला मान वर करायला फुरसत नव्हती. "खणातलं रीळ घे आणि सूट!" तो ओरडला. खणात दोन रिळं होती. एकाला लाल दोऱ्याचं शेपूट, दुसरं बोडकं. आता मागावरच्या माणसाला यात विचारायचं काय असतं? जिला दोरा लोंबतो ती सुताची कांडी भरलेली, बोडकी ती संपलेली. मायाप्पानं दोरा सोडून ते रीळ अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यात चढवलं आणि सायकल दामटत शेड गाठली.

शेडमध्ये उजेड बेताचाच. तरी त्यानं जीव ओतून काम केलं. ताण्याचे उभे दोरे, धोट्याची धाव, गुंडाळत जाणारी चादर, सगळं टिपलं. रीळ धुवायला मुंबईला गेलं आणि वाट बघून बघून जीव कातावला, तेव्हा कुठं ऐन स्पर्धेच्या दिवशी दुपारी पोस्टानं परत आलं. दाखवायचं यंत्र तोवर हॉलवर पोचलेलं. आधी बघून घ्यायला सवड कुणाला होती!

शाळेचा हॉल खचाखच भरला होता. एकानं भाचीचा वाढदिवस दाखवला, एकानं भुईकोट किल्ला, आणि बँकेतल्या एका साहेबानं तर आपला कुत्रा पायरीवर चढताना आणि उतरताना दाखवला. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. मायाक्कानं सासऱ्याला खरंच आणलं होतं. काय शपथ घातली कोण जाणे! आण्णा कडेच्या खुर्चीवर, गुडघ्यांत काठी धरून, जमिनीकडं बघत बसला होता.

मायाप्पाचं नाव पुकारलं. दिवे गेले आणि चनबसप्पानं यंत्र सुरू केलं.

पडद्यावर आधी नुसता काळोख. मग ताण्याचे दोरे दिसू लागले, बारीक, उभे, पावसाच्या धारांसारखे. मायाप्पानं सुस्कारा टाकला. आणि त्या दोऱ्यांमधून एक मेंढी चालत आली.

कपाळावर पांढरा ठिपका. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं कोकरू, मग धूळ उडवत अख्खा कळप. माग चालतच होता. धोटा मेंढरांच्या अंगातून आरपार पळत होता आणि मेंढरांना त्याचं काही नव्हतं. ती चादरीतून निघत होती, दोऱ्यांत शिरत होती, त्यांच्या लोकरीवर उन्हाची कड चमकत होती. आवाज नव्हता, फक्त यंत्राची घरघर. ही मेंढरं मायाप्पाच्या ओळखीची होती. ती मेलेली होती.

"अय्यो शिवा!" चनबसप्पा त्याच्या कानाशी पुटपुटला. "दोरावालं रीळ घेतलंस काय रे? वापरलेल्याला दोरा बांधतो मी! तुझं ते गावाकडचं, दुष्काळाच्या आधीचं... धुवायचंच राहिलं, हरवलं म्हणून बसलो होतो मी. एकावर एक दोन्ही उमटलीत!"

तेव्हा मायाप्पाला सगळं आठवलं. सुट्टीवर गेला असताना पहिल्यांदाच कॅमेरा हातात होता, आणि त्यानं माळावर कळप टिपला होता. मघापासून तेच ऊन शेडच्या अंधारातून वर येत होतं. आता त्याला बापाकडं बघायचा धीर होईना. दाखवायला काय निघालो आणि म्हाताऱ्यापुढं काय आणून ठेवलं! जखमेवरची खपली आपल्याच हातानं काढली म्हणायची.

पडद्यावर कळप आता मागाच्या ऐन तोंडाशी आला होता. दोरे ठोकणारी फणी दाणदाण आपटत होती आणि ठिपक्याची मेंढी मान खाली घालून थेट तिच्यात निघाली होती.

कडेची खुर्ची करकरली. आण्णा उभा राहिला होता. काठी वर गेली आणि त्या हॉलमध्ये, पुण्याच्या परीक्षकांच्या डोक्यावरून, माळावरची ती लांब हाक घुमली.

"ह्याऽऽ र्र्रऽऽ! चांदेऽऽ! म्हागं फीर!"

आणि पडद्यावरची मेंढी थांबली. तिनं मान वर केली, कान टवकारले, आणि ती वळली. तिच्या मागं सगळा कळप वळला आणि सरळ आण्णाकडं बघत चालू लागला.

एक बाई हात जोडून बसली होती. त्या दिवशी माळावर नेमकं काय घडलं होतं, ते आण्णा सोडला तर एकट्या मायाप्पाला ठाऊक होतं. मेंढरांना दृष्ट लागेल म्हणून आण्णा चिडला होता, कॅमेऱ्याच्या मागं येऊन उभा राहिला होता आणि अशीच हाक मारून त्यानं कळप आपल्याकडं वळवून घेतला होता. ठाऊक असलं म्हणून काय झालं? हाक आत्ता गेली होती आणि मेंढरं आत्ता वळली होती.

कळप जवळ जवळ येत पांढऱ्या उजेडात विरून गेला. रिळाचं टोक फटफटत राहिलं.

"मायाप्पा!"

अंधारात त्याला आपलं नाव ऐकू आलं. किती दिवसांनी!

"मायाप्पा, बघितलंस का रं? वळली की! चांदी वळली!"

"व्हय आण्णा," तो कसाबसा म्हणाला. मायाक्का पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडत होती.

परीक्षकांनी विचारलं, ही करामत कशी साधलीत? चनबसप्पा खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तोच मायाक्कानं डोळे वटारले. बक्षिसाचं म्हणाल तर पहिला नंबर त्या साहेबाच्या कुत्र्याला मिळाला. घ्या!

सकाळी मायाप्पानं सायकल बाहेर काढली, तर आण्णा दारात उभा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

"कुटं निगालासा?"

"तुज्या शेडमधी."

मायाप्पाला शंका आली. म्हाताऱ्याचं डोकं तर फिरलं नाही? "आण्णा," तो हळूच म्हणाला, "मेंढरं तितं न्हाईत. ती कवाच..."

"मेल्यात ती. मला कळत न्हाय व्हय?" आण्णा कॅरिअरवर बसत म्हणाला. "पर तितनं गेल्यात न्हवं? मग ती जागा बघाय नगं? चल, मार पायडल."