पुसट शिक्क्यांची मतं

रेश्मा आमदारकीला सत्तावीस मतांनी पडली, तेव्हा तिचे सासरे, निवृत्त सुभेदार लालासाहेब, एवढंच म्हणाले, "पोरांची पाकिटं कुठं गेली गं?"

पोरं म्हणजे फौजेतले जवान. साताऱ्याकडच्या त्या मतदारसंघात घरटी एक तरी माणूस सैन्यात. कुणी लेहला, कुणी आसामात. त्यांनी टपालानं धाडलेली शंभरावर मतं मोजणीच्या वेळी बाजूला टाकली होती. कारण काय, तर सोबतच्या कागदावर पलटणीतल्या अधिकाऱ्याचा शिक्का पुसट. रेश्माच्या नवऱ्याचं मतही त्यातच पडलं होतं.

तिनं हायकोर्ट गाठलं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत पाकिटं सरकारी गोदामात, पेट्यांत सीलबंद ठेवा, दोन्ही बाजूंना कळवल्याशिवाय हलवू नका, असा हुकूम कोर्टानं दिला.

एक दिवस ती उसाला पाणी पाजत असताना ओळखीच्या बाईचा फोन आला. "वैनी, गोदामापुढं टेम्पो लागलाय. पेट्या भरायला लागल्यात!"

चिखलाच्या पायांनीच तिनं स्कूटी काढली आणि जाऊन थेट टेम्पोपुढं उभी राहिली.

"पेट्या कुठं चालल्या?"

गोदामावरचा अधिकारी गडबडला. "छत गळतंय, ताई. दुसरीकडं हलवतोय. वरून आदेश आहे."

"कोर्टाच्याबी वरून?"

तेवढ्यात निवडून आलेले धनाजीराव गाडीतून उतरले. हसत म्हणाले, "वैनी, पडलायसा तुमी. किती दिस रडत बसनार?"

"रडत न्हाई. राखन करतिया."

"बाजूला व्हा, नाहीतर पोलीस बोलवावे लागतील," अधिकारी म्हणाला.

"बोलवा की. त्यास्नीबी हुकूम वाचून दावते."

आणि तिनं चाकापुढंच बसकण मारली. मागून आलेले लालासाहेब गुडघे धरत तिच्याशेजारी टेकले. बातमी बाजारात पोचली, तशा भाजीच्या पिशव्या घेऊन जवानांच्या बायका येऊ लागल्या. कुणी घोषणा दिली नाही. येईल ती खाली बसत गेली.

अधिकाऱ्यानं साताऱ्याला फोन लावला. "हो साहेब... नाही साहेब, कळवलं नव्हतं..." त्याचा आवाज बारीक होत गेला.

पेट्या उतरल्या. छतावर ताडपत्री पडली. नव्या सीलवर रेश्मानं सही केली, आणि धनाजीरावांनाही खाली वाकून करावी लागली.

पुढं कितीतरी महिन्यांनी कोर्टानं पाकिटं उघडायला लावली. बहुतेक मतं खरी निघाली. कोर्टातच मोजली गेली, आणि तरीही रेश्मा तीन मतांनी मागंच राहिली.

लालासाहेबांनी मान खाली घातली. रेश्मा मात्र सरळ धनाजीरावांपुढं गेली.

"आजपातूर कुणी तुमास्नी आमदार म्हणलं, की मी तोंड फिरवायची. आता म्हनीन. तर आमदारसाहेब, पयलं काम ऐका. पुसट शिक्क्यापायी जवानांची मतं बाद हुणार न्हाईत, असा नियम करून घ्या. विधानसभेत तुमीच मागायचं हे. न्हाई मागितलं, तर सगळ्या बायका घिऊन तुमच्या दारात बसन."

धनाजीरावांना हसू आलं नाही. "मागतो," ते म्हणाले.

बाहेर येऊन तिनं नवऱ्याला फोन लावला.

"आवं, तुमचं मत धरलं. पडले मी, तीन मतांनी. आता पुढच्या खेपंला परत उभी ऱ्हानार हाय, ध्येनात ठिवा."