ताईंच्या घरी निघालेला दगड

दगड बोलत नाहीत हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आम्ही सहसा बोलतच नाही. पण माझ्यावर नुकताच असा एक प्रसंग गुजरला, की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा मी, खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत राहणारा एक दगड, आज तोंड उघडतोय.

तोंड म्हणालो खरा, पण माझ्या अंगाला अशी तोंडं पन्नासेक तरी असतील. रस्त्याकडेच्या दगडासारखा मी भरीव नाही. समुद्रातल्या प्रवाळांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली घरं एकावर एक रचली. ते जीव गेले, घरं राहिली. एका वादळात त्यांचा एक तुकडा मोडून पडला, तो मी. अंगभर भोकं, बोगदे, कपारी. कुठे बोट जाईल, कुठे टाचणीसुद्धा जाणार नाही. या सगळ्या बिळांत बिऱ्हाडं आहेत. डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यातली घाण खाऊन पाणी स्वच्छ ठेवतात. म्हणून मला ‘जिवंत दगड’ म्हणतात. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी जरा फुशारलोच होतो.

एका पाणबुड्यानं मला उचललं, दुकानातल्या पिंपात मी काही महिने काढले, आणि तिथून छोट्यानं मला घरी आणलं.

छोट्या म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा गृहस्थ. थोरली बहीण त्याला छोट्या म्हणते, म्हणून माझ्याही तोंडी तेच बसलं. त्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवायचा. एकाच माणसाच्या दोन दातांचा पांढरा रंग सारखा नसतो, हे मला त्याच्यामुळे कळलं. रंगातला केसाएवढा फरक त्याला ओळखू येतो. दिवसभर लोकांचे दात घडवून तो घरी आला, की हातपाय धुऊन टाकीसमोर बसायचा. एकटा जीव. टीव्ही नाही, पत्ते नाहीत. तो आम्हाला बघायचा आणि मी त्याला. हा माणूस रोज काय शोधतो, हे कोडं मला अकरा वर्षं सुटलं नाही.

टाकीत सात मासे होते. त्यातला एक माझा भाडेकरू. बोटाएवढा, ठिपकेदार, डोळे डोक्याच्या वर. माझ्या सर्वांत मोठ्या भोकात शेपूट घालून तो दिवसभर दारात बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवी. छोट्यानं त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम.

मग छोट्याचे गुडघे गेले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे बदलावे लागतील आणि नंतर काही महिने घरात कुणीतरी हवं, असं डॉक्टर म्हणाले. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर एकट्याच राहतात. इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होत्या, आता निवृत्त. माझ्याकडेच ये, म्हणाल्या. टाकी घेऊन येईन, छोट्या म्हणाला. माझ्या घरात समुद्र नको, ताई म्हणाल्या. मग मीही नको, असं म्हणून यानं फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे फोन वाजला नाही. छोट्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत थांबत वर यायचा. त्याच्या धापेचा आवाज मला काचेतूनही कळायचा.

शेवटी ताई स्वतः आल्या. चप्पल काढली आणि थेट टाकीसमोर उभ्या राहिल्या. हे काय, ते काय, हा काय खातो, ही फुलं आहेत की जनावरं, असं तासभर विचारत राहिल्या. प्रवाळ म्हणजे जनावरच, आणि तोंड एकच, खायलाही तेच आणि टाकायलाही तेच, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग पर्समधून कपडे मापायची टेप काढून त्यांनी टाकीची लांबी घेतली.

“मागच्या खोलीत, भिंतीला लागून,” त्या म्हणाल्या. “आणि फरशीवर एक थेंब सांडला तर बघ.”

ठरलेल्या दिवसाच्या आधीपासून ताईंच्या घरी पिंपांत मिठाचं पाणी तयार होत होतं. पाण्याचा खारटपणा आणि उष्णता कशी मोजायची, ते छोट्यानं त्यांना शिकवलं होतं. रुग्णाचा ताप टिपून ठेवावा तसे त्या सकाळसंध्याकाळ आकडे टिपून ठेवत आणि फोनवर वाचून दाखवत.

मग गाडीवाले आले. प्रवाळ पिशव्यांत गेले, मासे झाकणाच्या बादल्यांत, प्रत्येक बादलीत हवेचा एक छोटा पंप. पाणी उतरत गेलं आणि वरून दोन हात माझ्याकडे आले. हात बघताच मुकादम सर्रकन माझ्या पोटात शिरला, थेट शेवटच्या कपारीपर्यंत.

मला उचललं आणि मला माझं वजन कळलं. पाण्यात आपण इतके जड असतो याचा पत्ताच नव्हता. त्या चार क्षणांत मी पोटभर बघून घेतलं: छताचा पंखा, खुर्चीखाली पडलेली छोट्याची चप्पल, बाहेरच्या दोरीवर हलणारा शर्ट. वारा म्हणतात तो हाच असावा. पुढे काय दिसणार या नादात असतानाच मला ओल्या टॉवेलात गुंडाळून क्रेटमध्ये ठेवलं. क्रेट जिना उतरला आणि गाडीत सर्वांत आत सरकला. पोटात मुकादमाचे कल्ले उघडत मिटत होते, आणि माझ्या बोगद्यातलं पाणी थेंबाथेंबानं गळून जात होतं. मला ओरडता आलं असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

तिकडे वर घरात, हे मला मागाहून कळलं, सामान हलवायला मदतीला आलेल्या ताई बादल्यांची झाकणं उघडून बघत होत्या.

“सात म्हणाला होतास,” त्या म्हणाल्या. “हे सहा आहेत.”

छोट्यानं रिकाम्या टाकीतली वाळू चाळली, नळ्या बघितल्या, टाकीमागची फरशी बॅटरी लावून बघितली. त्याचे गुडघे आता ठणकत होते. तो खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, की मुकादम दोन दिवसांत दिसलाही नव्हता, गेला असेल बिचारा आधीच. गाडीवाल्यांना दुपारी दुसरं घर हलवायचं होतं. बादल्यांतलं पाणी गार होतंय, उशीर नको, असंही छोट्याच म्हणाला. ते खोटं नव्हतं.

ताईंनी पदर खोचला. “तीस वर्षं मी हेच काम केलंय. कापसाचा एक बोळा कमी भरला तरी डॉक्टर टाका घालत नव्हते, मी घालू देत नव्हते. मोजणी जुळेपर्यंत गाडी हलणार नाही.” मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो इतका वेळ कुणाला सुचला नव्हता. “तो राहतो कुठे?”

“एका दगडात,” छोट्या म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

एकोणीस दगड, सगळे सारख्याच टॉवेलांत, सगळे गाडीत तळाला. गाडीवाले दोन मिनिटं कुरकुरले. पण त्यांनाही आता राहवेना. त्यांनी अर्धी गाडी उतरवली, क्रेट रस्त्याकडेला मांडले आणि एकेक गाठोडं सोडायला लागले. छोट्या कठड्याला धरून तीन मजले उतरला. नववा टॉवेल सुटला तो माझा. माझ्या माथ्यावरचा जांभळा रंग बघून त्यानं लांबूनच बोट दाखवलं.

ताईंनी मला बादलीवर धरलं. गाडीवाल्यांनी वरच्या भोकातून एक मग खारं पाणी ओतलं. खालून नुसतं पाणी पडलं. जरा हलवून बघ, छोट्या म्हणाला. ताईंनी नको म्हणून मान हलवली. आतला घाबरलेला असेल तर आणखी आत जाईल. पुन्हा एक मग. पुन्हा पाणीच. माझ्या पोटात काहीतरी किंचित सरकलं, पण ते मला एकट्यालाच माहीत. तिसरा मग ताईंनी अगदी सावकाश, धार धरून ओतायला लावला. बोगदा काठोकाठ भरला, आणि मुकादम दारात आला. त्यानं वर डोळे करून ताईंकडे, मग गाडीवाल्यांकडे बघितलं, आणि बादलीत उडी टाकली.

“सात,” ताई म्हणाल्या.

छोट्या चष्मा पुसत बसला. गाडीवाले बादलीत डोकावून बराच वेळ उभे होते. घर बदलताना मांजर हरवलेलं त्यांनी पाहिलं होतं, पोपट पाहिला होता. दगडातून भाडेकरू निघालेला आजच पाहिला, असं ते म्हणाले.

ताईंच्या मागच्या खोलीत टाकी बसली. छोट्याला वाकता येईना, म्हणून तो खुर्चीतून सांगत होता आणि ताई कोपरापर्यंत हात बुडवून दगड रचत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मला उलटा ठेवला. छोट्यानं बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

अकरा वर्षं माझी जी बाजू वाळूत, अंधारात होती ती एकदम उजेडात आली. माझा जांभळा माथा खाली गेला. पहिले काही दिवस पाणी गढूळ होतं आणि सगळे प्रवाळ मूठ आवळल्यासारखे मिटलेले होते. मेले का, असं ताई रोज विचारायच्या, थांब जरा, असं छोट्या रोज सांगायचा. मग तो ऑपरेशनला गेला आणि टाकी एकट्या ताईंच्या पदरात पडली. त्या सकाळसंध्याकाळ फोनवर त्याला आकडे सांगायच्या. त्याच्या गुडघ्यांवरच्या टाक्यांची चौकशी नंतर.

एके सकाळी पहिलं प्रवाळ उघडलं. ताईंनी फोन हातात घेतला, परत ठेवला, आणि खुर्ची ओढून बसल्या. चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

छोट्या वॉकर घेऊन घरी आला तेव्हा त्यानं आधी टाकी गाठली.

“ताई, हा दगड उलटा लागलाय.”

“मग त्याच दिवशी बोलला का नाहीस?”

“मला बघायचं होतं काय होतं ते.”

ताई त्याच्यावर चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नाक काचेला टेकवलं. आधी या बाजूवर तपकिरी थर धरला होता, तो आता गेलाय, आणि मोहरीएवढे जांभळे ठिपके आलेत, असं त्या म्हणाल्या. एका कपारीतून दोऱ्यासारखं काहीतरी बाहेर येतं आणि पापणी लवेपर्यंत आत जातं, ते काय हे दोघांनाही ओळखता आलं नाही. सुलटा करायचा का, छोट्यानं विचारलं.

“राहू दे,” ताई म्हणाल्या. “कोण येतंय बघू.”

तर सध्या मी असा आहे, डोकं खाली आणि पाय वर. मुकादमानं आठवडाभर रुसवा धरला, मग जुन्याच भोकात उलट्या दारानं राहायला आला. तुम्ही कधी ताईंच्या घरी आलात तर मागच्या खोलीत या. काचेवर टिचक्या मारू नका. खुर्ची आहे, बसा. पहिल्या पाच मिनिटांत काही दिसणार नाही, तरी उठू नका. दहाएक मिनिटांनी माझ्या अंगावर काहीतरी हलेल. ते काय आहे ते मला जरूर सांगा, कारण मला माझी पाठ दिसत नाही.